आधी पाण्याचा हबका

काल दुपारी मोशीच्या साइटवर तिसऱ्या मजल्यावर गेले, तर किचनमध्ये समोरचा माणूस दिसेना. फरशीवाले मामा ग्रॅनाइटचा ओटा कापत होते, तोही कोरडा. कटर थांबला तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. तोंडाला गमछा. कटरसोबत आलेली पाण्याची नळी त्यांनी कधीच काढून टाकलेली.

"पाण्यानं मार्किंग पुसतं मॅडम."

खरं आहे ते. रेघ पुसते, खाली चिखल होतो, हात सावकाश चालतो आणि मामांना पैसे मिळतात रनिंग फुटावर. पण आता मला गप्प बसवत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्याच कामावरचा एक कारागीर खोकत खोकत गावी गेला. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी टीबी म्हणून सहा महिने गोळ्या खाल्ल्या. शेवटी एका डॉक्टरांनी एक्स-रे हातात धरून विचारलं, "काम काय करता?" तोवर कुणी विचारलंच नव्हतं. सिलिकोसिस निघाला, म्हणजे दगडाच्या धुळीतल्या सिलिकानं फुप्फुसावर वण पडणं. फुप्फुसावरचे ते वण कुठल्याही औषधानं जात नाहीत. वय अडतीस. तो कापायला बसला की मी नाकाला ओढणी लावून बाहेर निघून जायचे. तो आतच असायचा.

डोळ्यांना दिसणारी धूळ बरीचशी नाकाघशात अडकते. खोल उतरते ती चार-पाच मायक्रॉनहून बारीक, न दिसणारी. कटर बंद झाल्यावरही ती कितीतरी वेळ हवेत तरंगत राहते आणि गमछ्यातून सहज आरपार जाते. हल्ली फॅशनमध्ये असलेल्या कृत्रिम क्वार्ट्जच्या ओट्यात तर सिलिका नव्वद टक्क्यांच्या वरही असते. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेनं साइटभोवती २५ ते ३५ फुटी पत्र्यांचा नियम काढला. शेजाऱ्यांसाठी ते हवेतच, पण पत्र्याच्या आत बसून कापणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

मग काल मामांसोबतच बसले. दगडावर मास्किंग टेप लावून तिच्यावर रेघ मारली, ती पुसली नाही. नळी परत जोडली. पाणी आणि वीज एकत्र येणार, म्हणून ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरूनच, कनेक्शन घेतलं आणि टेस्टचं बटण दाबून तो पडतो का, ते आधी बघितलं. एन-९५ मास्क दिला. दाढीवर तो नीट बसत नाही म्हटल्यावर मामा आज दाढी करून आले. ओल्या कापणीला फुटामागे पाच रुपये जास्त द्यायचं मुकादमाकडून कबूल करून घेतलं. दर तोच ठेवला असता तर नळी दोन दिवसांत पुन्हा निघाली असती.

संध्याकाळी त्याच खोलीत बिगारी मावशी कोरडाच झाडू मारायला लागल्या. दाराच्या चौकटीला साडीची झोळी, आत बाळ झोपलेलं. मी म्हटलं, "मावशी, माझी आजी पाण्याचा हबका मारल्याशिवाय अंगणाला झाडू लावायची नाही."

"घरी आम्ही बी तसंच करतो की. पर हितं तिसऱ्या मजल्यावर पाणी कोण आणून देतंय?"

आज प्रत्येक मजल्यावर एक पिंप भरून ठेवलंय. झोळी खाली ऑफिसच्या खोलीत बांधली.