तपकिरी पेलिकन: सूर मारून झाल्यावरच्या नोंदी

गेल्या हंगामात मी तपकिरी पेलिकनचे फक्त सूर मोजत होते. यंदा वहीत एक रकाना वाढवलाय: सूर मारल्यावर पुढे काय झालं? आता सगळं लक्ष त्याच रकान्याकडे असतं.

सूर डोळ्यांत भरतो, यात वाद नाही. पेलिकनच्या आठ जातींपैकी असा हवेतून पाण्यात कोसळण्याची सवय फक्त दोघांना, हा तपकिरी आणि त्याचा पेरूकडचा भाऊबंद. बाकीचे पोहता पोहता मासे उपसतात. तपकिरी मात्र कधीकधी वीस मीटर उंचीवरून झेपावतो आणि पाण्याला भिडताना अंग डावीकडे वळवतो. श्वासनलिका आणि अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाला असतात, त्यांना मार लागू नये म्हणून हे, असं मानतात. नुसत्या डोळ्यांना हे वळणं दिसत नव्हतं. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घेतलेलं चित्रण थांबवत थांबवत पाहिलं तेव्हा कुठे दिसलं.

आता नवा रकाना. पक्षी वर येतो तेव्हा चोचीखालच्या कातडी झोळीत मासा असो-नसो, पाणी असतंच, भरली तर दहाएक लिटरपर्यंत. एवढं ओझं घेऊन उडणं शक्यच नाही. मग चोच छातीशी टेकवून तो पाणी गाळत बसतो, कधी कधी चांगलं मिनिटभर. झोळी हळूहळू आक्रसते, चोचीच्या कडेने पाण्याची धार लागते, आणि मासा असला तर आतून कातडीला टेंगूळ येऊन हलताना दिसतं. शेवटी डोकं झटक्यात वर गेलं की गिळला. पाणी पटकन सांडून, मान न झटकता उडाला की हात हलवत परत. मी वहीत फक्त ‘मान’ किंवा ‘कोरा’ लिहिते, तेवढं पुरतं.

या गाळण्याच्या वेळात कुरव (सीगल) टपलेले असतात. एक तर सरळ पेलिकनच्या डोक्यावर बसला होता, चोच जराशी उघडायची वाट बघत! निर्लज्जपणाला तोड नाही.

वयाचा रकानाही ठेवाच. पिल्लावस्थेतून नुकते बाहेर पडलेले पक्षी डोक्याने तपकिरी, पोटाने पांढरे. प्रौढांचं नेमकं उलट, डोकं फिकट आणि पोट गडद. माझ्या वहीत ‘कोरा’ बहुतेक तरुणांच्याच नावावर. सूर दोघेही मारतात, पण कोवळ्यांचा नेम अजून बसलेला नसतो. तरी त्यांची संख्या बघून बरं वाटतं. डीडीटी या कीटकनाशकामुळे या जातीच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या भारानेच ती फुटत. अमेरिकेत 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि 2009 मध्ये हा पक्षी तिथल्या संकटग्रस्त यादीतून पूर्णपणे बाहेर पडला.

जागेचं म्हणाल तर सूर्य पाठीशी हवा, नाहीतर चकाकीत मान झटकल्याचं कळतच नाही. दुर्बीण आठ पटीची पुरे. जास्त पटीची घेतली तर खाली येणारा पक्षी चौकटीतून निसटतो.

पुढचं काम गढूळ पाण्याचं. लाटांनी वाळू ढवळली की सूर कमी होतात असा माझा संशय आहे, पण नोंदी तोकड्या आहेत. कुणी पाण्याचा गढूळपणा लिहून ठेवत असेल तर तो कसा मोजता, तेवढं सांगा.