भागाच्या पोटात भाग: पोस्टग्रेसमध्ये अडलेला माझा टाइप

पंप बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी मी सुट्या भागांची यादी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणत होतो. पंपात असेंब्ली, तिच्यात सब-असेंब्ली, तिच्यात बेअरिंग, सील, नट-बोल्ट. भागाच्या पोटात भाग, म्हणून ‘भाग’ नावाचा कंपोझिट टाइप, म्हणजे अनेक रकाने एकत्र बांधणारा डेटाप्रकार, करायला घेतला: कोड, नाव आणि याच टाइपच्या भागांची रांग, म्हणजे अ‍ॅरे.

टाइप बनवणारी क्रिएट टाइप ही आज्ञा चालेचना. जो टाइप अजून जन्मलाच नाही, त्याचा अ‍ॅरे कुठून येणार? मग अ‍ॅरेविना टाइप केला आणि टाइप बदलणाऱ्या ऑल्टर टाइपने तो मागून जोडायला गेलो. एरर स्पष्ट होती: कंपोझिट टाइपला स्वतःचाच घटक करता येत नाही. मध्ये डोमेनचा, म्हणजे त्याच टाइपवर बेतलेल्या वेगळ्या नावाच्या टाइपचा, आडपडदा धरला, तरी पकडलं. थेट स्वतःच आत असेल तर रचनेला अंत नाही, हे पटतं. अ‍ॅरे रिकामा असू शकतो, तेव्हा तो चालेल असा माझा हिशेब होता. पोस्टग्रेस तेवढीही सवलत देत नाही. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ऑब्जेक्ट टाइपला स्वतःच्याच टाइपचा रेफ ठेवता येतो, पण तिथेही आत वस्तू नसते, तिचा पत्ता असतो.

पत्ताच ठेवायचा तर साधं टेबल बरं. पेरेंट आयडीचा एक कॉलम पुरला नाही, कारण एकच बेअरिंग तीन असेंब्लींत बसतं. म्हणून वेगळं टेबल केलं: असेंब्ली, भाग, नग. पहिले दोन्ही कॉलम भागांच्या टेबलाकडे फॉरेन की, म्हणजे तिथे असलेलाच भाग चालेल. फॉरेन कीने शोध जलद करणारा इंडेक्स आपोआप बनत नाही, तो आठवणीने टाकला.

मग विथ रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःच्याच निकालावर पुन्हा चालत पातळी-पातळीने खाली उतरणारी क्वेरी. हे पोस्टग्रेसच्या 8.4 आवृत्तीपासून आहे. प्रत्येक पायरीवर नगांचा गुणाकार: पंपात 2 फ्लँज, फ्लँजला 4 बोल्ट, म्हणजे 8. आकडे कागदावरच्या यादीशी जुळले तेव्हा फार बरं वाटलं.

एका पंपावर मात्र क्वेरी संपेचना. यादीत कुठेतरी चक्र होतं. युनियन ऑलऐवजी दुबार ओळी गाळणारं युनियन लावून भागलं नाही. प्रत्येक फेरीला पातळीचा आकडा वाढत होता, त्यामुळे ओळ दरवेळी नवीच ठरत होती. 14 व्या आवृत्तीपासून आलेल्या, चक्र ओळखणाऱ्या सायकल क्लॉजने काम केलं. त्याने खूण केलेली ओळ पाहिली, तर एका सब-असेंब्लीखाली तिच्या वरच्या असेंब्लीचाच कोड भरलेला. तो दुरुस्त केला आणि नवी ओळ येण्याआधी आपोआप चालून चक्र तपासणारा ट्रिगर लावला. दोघांनी एकाच वेळी ओळी भरल्या तर ट्रिगरला एकमेकांच्या ओळी दिसत नाहीत, म्हणून त्यात एका वेळी एकालाच पुढे सोडणारा अ‍ॅडव्हायझरी लॉकही घेतला.