अर्ध्या डावातून उठताना

पटावरच्या ऑनलाइन खेळांबद्दल लिहिणारे बहुतेक जण थेट डावपेचांवर येतात. मला मात्र डाव सुरू होण्याआधीच्या आणि एखादा भिडू मध्येच निघून गेल्यानंतरच्या काही मिनिटांबद्दल लिहायचे आहे, कारण खेळ मनापासून आवडत असूनही ऑनलाइन खेळणे सोडून दिलेली जी माणसे माझ्या ओळखीत आहेत, त्यांपैकी कोणीही हरून कंटाळले नव्हते. टेबल, म्हणजे एका डावासाठीची ऑनलाइन बैठक, भरण्याची वाट पाहून, किंवा भरलेले टेबल मोडताना पाहून ती कंटाळली होती.

आमचा गट ठाण्याच्या नौपाड्यापासून ऐरोली, वाशी आणि खारघरपर्यंत पसरलेला आहे. पूर्वी रविवारी दुपारी वाशीला एका मैत्रिणीच्या घरी सगळे जमत असू, परंतु घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना खेळण्यापेक्षा येण्याजाण्यालाच अधिक वेळ लागे. 2020 च्या टाळेबंदीत आम्ही ऑनलाइन टेबलांकडे वळलो, आणि निर्बंध उठल्यावरही आठवड्यातील संध्याकाळचे खेळ तिथेच राहिले. घरात जमून खेळताना जे प्रश्न कधी पडलेच नव्हते, ते इथे पहिल्याच आठवड्यात उभे राहिले: कोणाबरोबर खेळायचे, किती वेळ थांबायचे, आणि उठायचे झाले तर कसे उठायचे.

हे प्रश्न नवे नाहीत. जानेवारी 1992 मध्ये सुरू झालेल्या इंटरनेट चेस सर्व्हरवर जगभरचे बुद्धिबळपटू केवळ अक्षरांच्या पडद्यावर एकमेकांना आव्हान देत असत, आणि कोणाची जोडणी तुटली तर तो डाव स्थगित करून ठेवला जाई, म्हणजे दोघे पुन्हा एकाच वेळी हजर झाले की तिथूनच पुढे खेळता येई. पुढे याहू गेम्स या संकेतस्थळाने लॉबीला, म्हणजे भिडू शोधण्यासाठी जमण्याच्या जागेला, घराचे रूप दिले. नवशिक्यांच्या आणि सराईतांच्या खोल्या वेगळ्या असत, खोलीत टेबले मांडलेली दिसत, आणि रिकाम्या जागेवर क्लिक केले की आपण तिथे बसलेले दिसत असू. ठाणे स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळणाऱ्या आमच्या पिढीने अर्धवट सुटलेले पुष्कळ डाव पाहिले आहेत, कारण तास संपला की संगणक पुढच्याला द्यावाच लागे. समोरच्या भिडूला मात्र एवढेच दिसे की हा माणूस न सांगता निघून गेला.

आज टेबल शोधण्याच्या ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली आपोआप जोडी लावणारी. लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर 3+2 किंवा 10+0 अशा चौकोनावर बोट ठेवले की त्याच वेळेचा डाव मागणारा, शक्यतो आपल्याच गुणांकनाच्या (खेळाडूचे बळ दाखवणाऱ्या आकड्याच्या) आसपासचा भिडू शोधून दिला जातो. (3+2 म्हणजे प्रत्येकाला सुरुवातीला 3 मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे 2 सेकंदांची भर.) दुसरी वाट उघड्या टेबलांच्या यादीची, जिथे कोणी काय मांडले आहे हे पाहून आपण जागा घेतो. तिसरी खाजगी खोलीची. 2016 मध्ये आलेल्या लुडो किंगने आपल्याकडच्या घराघरांत जी सवय लावली ती हीच: एकाने खोली उघडायची, तिचा कोड कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा आणि बाकीच्यांनी तो भरून आत यायचे. नातेवाइकांसाठी यापेक्षा सोपी रीत मला तरी दिसत नाही; फक्त हा कोड सोसायटीच्या मोठ्या गटावर टाकू नये, कारण चार जागांवर आधी कोण पोहोचेल ते आपल्या हातात राहत नाही आणि ज्या मावशींसाठी खोली उघडली त्याच बाहेर राहतात.

उघड्या टेबलांच्या बाबतीत टेबल मांडणाऱ्याने एक हिशेब ध्यानात ठेवला पाहिजे. खेळ, भिडूंची संख्या, वेग, भाषा, गुणांकनाची मर्यादा, यांपैकी प्रत्येक अट घातली की येऊ शकणाऱ्यांची संख्या घटते, आणि अटी एकमेकींवर रचत गेले तर कोणीच उरत नाही. शिवाय आपण भारतात बसून खेळतो. मूळ फ्रान्समध्ये 2010 साली सुरू झालेल्या बोर्ड गेम अरीना या पटावरच्या खेळांच्या संकेतस्थळावर युरोपातले पुष्कळ खेळाडू असतात, आणि पॅरिसमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा नवी मुंबईत उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा झालेले असतात. ज्यांना सकाळी ऐरोली किंवा महापेच्या कार्यालयात पोहोचायचे आहे, त्यांनी आपल्या नऊ वाजता एखाद्या कमी खेळल्या जाणाऱ्या खेळाचे टेबल गुणांकनाची अरुंद मर्यादा घालून मांडले, तर ते रिकामेच राहणार. मी अशा वेळी गुणांकनाची अट पूर्ण काढून टाकते आणि वेगाची अट मात्र ठेवते. आपल्यापेक्षा बलवान माणसाकडून हरण्यात काही बिघडत नाही, परंतु एकाला निवांत विचार करायचा आहे आणि दुसऱ्याला दहा मिनिटांत उठायचे आहे, असे दोघे एका टेबलावर बसले की तो डाव बहुधा पुरा होत नाही.

जागा घेणे आणि डाव सुरू होणे यांच्यामध्ये अनेक ठिकाणी आणखी एक पायरी असते: सर्वांनी 'तयार आहे' असे कळवायचे. नव्या लोकांना ती अडचणीची वाटते, तरी ती असावीच, असे माझे ठाम मत आहे, कारण जागा धरून चहा ठेवायला गेलेला माणूस याच पायरीवर ओळखू येतो. तो परत आला नाही तर त्याची जागा मोकळी होते आणि बाकीच्यांचे नुकसान एका मिनिटापलीकडे जात नाही. डाव सुरू होण्याआधी उठणे हा गुन्हा मानू नये. उलट ज्याला शंका आहे त्याने तेव्हाच उठावे, हे आम्ही गटात आलेल्या प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

खरा प्रश्न सुरू झालेल्या डावाचा आहे, आणि तो प्रत्येक खेळात सारखा नसतो, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. दोघांच्या खेळात निघून जाणाऱ्याचे नुकसान मुख्यतः त्याचे त्यालाच होते. बुद्धिबळात राजीनामा देण्याची सभ्य सोय आहे, आणि कोणी न सांगता गेले तर लीचेस काही वेळ वाट पाहून समोरच्याला विजय मागण्याची किंवा बरोबरी स्वीकारण्याची मुभा देते. तिथेही एक वाईट खोड आढळते: डाव हरल्याचे दिसले की राजीनामा न देता घड्याळ संपेपर्यंत नुसते बसून राहायचे. रडीचा डाव म्हणतात तो हाच, आणि मला तो निघून जाण्यापेक्षाही वाईट वाटतो, कारण निघून गेलेला निदान समोरच्याचा वेळ अडवून ठेवत नाही.

तिघाचौघांच्या खेळात मात्र एकाच्या जाण्याने उरलेल्यांच्या हातातला खेळच बदलतो. अझुल या फरशांच्या खेळात मधल्या तबकड्यांची संख्या भिडूंवर ठरते: दोघांना 5, तिघांना 7, चौघांना 9, आणि प्रत्येक तबकडीवर 4 फरशा. चौघांपैकी एक गेला आणि यंत्रणेने त्याची पाळी नुसती वगळली, तर उरलेले तिघे 9 तबकड्यांच्या टेबलावर खेळतात, म्हणजे फरशा मुबलक होतात, नको असलेल्या फरशा कोणाच्या पदरी पडणार हा ताण निराळा होतो आणि आधीच्या फेऱ्यांत केलेले अंदाज निरुपयोगी ठरतात. वस्त्या वसवण्याच्या आणि मालाची देवाणघेवाण करण्याच्या कटान या खेळात गेलेल्याच्या वस्त्या आणि रस्ते पटावर तसेच वाट अडवून राहतात, परंतु ज्याच्याशी विटा देऊन धान्य घ्यायचे होते तो माणूसच नसतो. हानाबी या पत्त्यांच्या खेळात तर याहून कठीण. तिथे आपले पत्ते आपल्यालाच दिसत नाहीत, सगळे मिळून मोजक्याच संकेतांच्या आधारे खेळतात, आणि जो उठून जातो त्याच्याबरोबर त्याला दिलेले सगळे संकेत वाया जातात. हा सहकार्याचा खेळ असल्याने एकाच्या जाण्यावर उरलेल्यांचा विजय उभा राहू शकत नाही. बहुधा सगळेच हरतात.

म्हणून गेलेल्याच्या जागी काय ठेवावे, याचे एकच उत्तर असू शकत नाही. काही ठिकाणी संगणक त्याच्या वतीने चाली करतो, काही ठिकाणी पाळी वगळली जाते, काही ठिकाणी उरलेल्यांना दंड न लागता उठता येते. लुडोत संगणकाने सोंगट्या हलवल्या तर फारसे बिघडत नाही, कारण निम्मे काम फाशांचे असते. देवाणघेवाणीच्या आणि संकेतांच्या खेळांत मात्र उरलेल्यांना विचारून डाव थांबवणे मला अधिक न्याय्य वाटते. बोर्ड गेम अरीनावर सर्वांच्या संमतीने डाव सोडून देता येतो, आणि ही सोय तिथल्या गुणांकनाइतकीच महत्त्वाची आहे असे मी मानते.

यजमानाची गोष्ट आणखी वेगळी. टेबलटॉप सिम्युलेटर या पटावरचे खेळ संगणकावर मांडून देणाऱ्या प्रणालीसारख्या ठिकाणी खोली उघडणाऱ्याच्या संगणकावरच टेबल चालते, त्यामुळे तो बाहेर पडला की सगळेच बाहेर पडतात. वाशीच्या मैत्रिणीकडे एकदा ऐन पावसाळ्यात वीज गेली आणि आमचा दोन तासांचा पट क्षणात नाहीसा झाला. तेव्हापासून यजमान प्रत्येक फेरीनंतर डाव साठवून ठेवतो आणि ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यालाच यजमान केले जाते.

यातूनच दंडाचा प्रश्न येतो. रागाने उठून गेलेला माणूस आणि नेटवर्क गेल्यामुळे दिसेनासा झालेला माणूस यांच्यातला फरक सर्व्हरला कळत नाही. त्याला फक्त जोडणी तुटल्याचे कळते. ठाणे ते पनवेल लोकलमध्ये उभ्याने खेळणाऱ्याला हे मुद्दाम सांगावे लागत नाही. त्यामुळे एका घटनेवर शिक्षा न करता वारंवारतेवर करावी, परत येण्यासाठी काही मिनिटे द्यावीत, आणि झालेली नोंद पुढचे डाव पूर्ण केल्यावर सुधारावी, ही रीत मला पटते. बोर्ड गेम अरीनावर प्रत्येकाच्या नावापुढे कर्मा, म्हणजे तो डाव किती पूर्ण करतो हे सांगणारा आकडा, दिसतो, टेबल मांडणाऱ्याला त्याची मर्यादा घालता येते, आणि डाव पूर्ण करत गेले की तो पुन्हा वर येतो. काही जणांना हे चारित्र्याच्या दाखल्यासारखे वाटते आणि टोचते, पण अनोळखी माणसांबरोबर एक तास घालवायचा असेल तर एवढी माहिती मागणे गैर नाही. नव्या माणसाला मात्र या नोंदीची धास्ती बसू नये. आम्ही त्याला पहिले काही डाव गुणांकन नसलेल्या टेबलावर कच्चा लिंबू म्हणून बसवतो. त्याने मध्येच उठले तरी चालते, चाल मागे घेतली तरी चालते, आणि बाकीच्यांना ते आधीपासून ठाऊक असते.

नौपाड्यातल्या एका काकूंनी गटात आल्यावर मला विचारले होते, "अगं, कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले, तर तुमचा सगळा डाव मोडेल का गं?" मी म्हटले, "काकू, न सांगता उठलात तर मोडेल. 'टाइम प्लीज' एवढे लिहा, आम्ही थांबतो." त्या प्रश्नामुळेच आम्ही गटात एक रीत घातली. टेबल मांडणारा खेळाच्या नावाबरोबर 'साडेदहापर्यंत' असे लिहितो, आणि वेळ झाली की डाव जिथे असेल तिथे थांबवून सर्वांच्या संमतीने सोडून देता येतो. किती वेगाने खेळायचे हे लॉबीत निवडता येते, पण किती वाजता उठायचे हे सांगण्याची जागा मला अजून कुठल्या टेबलावर दिसलेली नाही. घरसंसार आणि नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांना तीच सर्वांत आधी हवी असते.

ज्यांना सलग एक तासही मिळत नाही, त्यांच्यासाठी सवडीने खेळायचे डाव आहेत, ज्यांत एका चालीला एक किंवा अधिक दिवस मिळतात. माझे असे तीनचार डाव नेहमी चालू असतात आणि त्यांतल्या बहुतेक चाली मी कोपरखैरणे ते ठाणे या प्रवासात करते. नेटवर्क गेले तरी काही बिघडत नाही. इथे निघून जाणे मात्र फार सावकाश घडते: माणूस उठत नाही, फक्त यायचा थांबतो, आणि बाकीचे दिवसेंदिवस त्याच्या पाळीवर अडकून पडतात. श्रावण संपत आला की हे हमखास होते, कारण गणपतीला निम्मा गट कोकणात जातो आणि गावी कधी नेटवर्क नसते, कधी मोदकांपुढे पटाची आठवण नसते. म्हणून आता गाडीची तिकिटे निघाली की प्रत्येकाने आपले चालू डाव मोजायचे, संपण्यासारखे असतील ते संपवायचे आणि उरलेल्यांसाठी डाव सोडण्याचा प्रस्ताव स्वतःच मांडायचा, असे ठरले आहे. त्या प्रस्तावाला नकार देण्याआधी समोरच्याने प्रस्ताव मांडणाऱ्याच्या गावात नेटवर्क आहे का, एवढे विचारून घ्यायचे असते.