आमची वाटचाल : आधी रूळ, मग डीकोडर

व्यवसाय सुरू केला तेव्हा आम्ही मॉडेल रेल्वेच्या इंजिनांत डीकोडर (रुळांतून आलेले हुकूम ओळखून मोटर आणि दिवा चालवणारी छोटी सर्किट-पट्टी) बसवून देत होतो, एवढंच. दोष शोधून देणारे आम्ही नंतर झालो, आणि त्याला आमचीच एक चूक कारणीभूत आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

आम्ही दोघं, मी आणि माझी धाकटी बहीण. वायरिंग आणि मोजमाप माझ्याकडे, बारीक सोल्डरिंग तिच्याकडे. छंद दोघांनाही लहानपणापासून. तेव्हा आमच्याकडे जुन्या पद्धतीचा कंट्रोलर होता. रुळावर ० ते १२ व्होल्ट डीसी सोडायचे. जितके व्होल्ट जास्त तितकं इंजिन जोरात. एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदमच धावणार. म्हणून लेआउटचे, म्हणजे मांडलेल्या सगळ्या रुळांचे, ब्लॉक पाडायचे, प्रत्येक ब्लॉकला एक टॉगल स्विच लावायचा, आणि गाडीच्या पुढे पुढे बोटं पळवायची. डिजिटल पद्धत आली आणि हे सगळं पालटलं. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने घडवलेली डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धत अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेने १९९० च्या दशकात प्रमाण म्हणून स्वीकारली. त्यानंतर एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या डीकोडरशी बोलू लागला. आमच्यासारख्या लहान माणसांना या धंद्यात जागा झाली ती या एका निर्णयामुळे, असं मी मानतो.

पहिल्या काही महिन्यांत आम्ही डीकोडर जाळले. नवी इंजिनं सोपी असतात, त्यांत बहुधा डीकोडरसाठी सॉकेट तयार असतं. कसोटी लागते ती जुन्या इंजिनांत. त्यांत मोटरच्या एका ब्रशची वाट धातूच्या सांगाड्यातून थेट रुळापर्यंत गेलेली असते. डीकोडरची लाल वायर उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची, नारिंगी आणि करडी मोटरची. मोटरची वायर सांगाड्यातून रुळाला भिडली की डीकोडर गेलाच. एक बारीक धूर, एक ओळखीचा वास, बस्स. तेव्हापासून एक नियम ठरला. वायर जोडण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवायचा, एक टोक मोटरच्या पत्तीला आणि दुसरं एकेका चाकाला लावायचं. बीप आला तर सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचंच नाही. आधी ब्रशखाली इन्सुलेशन घालायचं. बहीण आजही दरवेळी मोठ्याने विचारते, "दादा, बीप बघितलास?" मी बघितलेला असतो, तरी पुन्हा बघतो.

आता ती चूक. एका गृहस्थांनी इंजिन आणून दिलं. दिवा लागत होता, कंट्रोलरवरचं बटण दाबलं की विझत होता, पण इंजिन जागचं हलत नव्हतं. आम्ही मोटर थेट १२ व्होल्टवर लावून पाहिली, ती छान फिरली. म्हणजे डीकोडरचा मोटरकडचा भाग गेला, असा निष्कर्ष काढून आम्ही नवा डीकोडर बसवला. इंजिन चालू लागलं. त्यांनी पैसे दिले, आभारही मानले.

पुढे बऱ्याच महिन्यांनी आमच्या स्वतःच्या एका इंजिनाला तसंच झालं. दिवा लागतो, चाक हलत नाही. यावेळी आमच्याकडे वेळ होता, म्हणून एकेक सीव्ही वाचत गेलो. सीव्ही म्हणजे डीकोडरच्या स्मरणातले कप्पे. सीव्ही १ मध्ये पत्ता, ३ मध्ये वेग पकडण्याचा संथपणा, ४ मध्ये थांबण्याचा, असे. सीव्ही १९ मध्ये शून्य हवं होतं, तिथे २१ निघालं. दोन इंजिनं जोडून एकत्र चालवायची असली की त्यांना एक सामाईक पत्ता देतात. तो या कप्प्यात जातो. तो तिथे असेपर्यंत डीकोडर वेगाचे हुकूम फक्त त्या सामाईक पत्त्यावरच ऐकतो. स्वतःच्या पत्त्यावर दिवा लागेल, पण इंजिन हलणार नाही. जोडी सोडवली तरी कप्पा रिकामा करायला आम्ही विसरलो होतो. सीव्ही १९ मध्ये ० लिहिलं, इंजिन चालू.

मला लगेच ते गृहस्थ आठवले. त्यांचा काढलेला डीकोडर खणात पडून होता. तो चाचणीच्या मोटरला जोडला, सीव्ही १९ वाचला. शून्य नव्हतं. ० लिहिलं, मोटर फिरली. एका धडधाकट डीकोडरला आम्ही मेलेला ठरवलं होतं आणि त्याचे पैसे घेतले होते.

त्याच संध्याकाळी त्यांना फोन केला, झालं ते सांगितलं, पैसे परत केले. ते म्हणाले, "अहो, त्या डीकोडरचं मी काय करू, ठेवा तुमच्याकडेच." आणि त्या दिवसापासून आम्ही वही घातली. प्रत्येक कामाची तीन टिपणं: ग्राहकाने काय सांगितलं, आम्ही काय मोजलं, दोष कुठे निघाला. आज अशा वह्यांची रांग झाली आहे, आणि त्या चाळल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोक डीकोडर घेऊन येतात, दोष मात्र बहुतेक वेळा त्याच्या बाहेर निघतो. कधी सैल जॉइनर (दोन रूळ जोडणारी धातूची पट्टी), कधी चाकावरची काळी साय, कधी लेआउटखालचा ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा राहिलेला जोड.

यामागचं कारण आम्ही प्रत्येक ग्राहकाला समजावून सांगतो, कारण ते कळलं की निम्मे दोष माणूस घरीच शोधतो. डीसीसीमध्ये रुळावर सतत पूर्ण व्होल्टेज असतं, एचओ या प्रचलित मापाच्या गाड्यांना साधारण १४-१५ व्होल्ट. ते सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतं आणि निरोप त्या बदलांच्या लांबीत असतो. ५८ मायक्रोसेकंदांचा छोटा ठोका म्हणजे १, १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून लांब ठोका म्हणजे ०. प्रत्येक निरोपाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. तो जुळला नाही तर डीकोडर सबंध निरोपच टाकून देतो. म्हणून मळक्या रुळामुळे सहसा चुकीचा हुकूम जात नाही, हुकूम पोचतच नाही. इंजिन हट्टी वाटतं, ऐकत नाही असं वाटतं. खरं तर त्याच्यापर्यंत काही आलेलंच नसतं.

साध्या मल्टिमीटरवर या व्होल्टेजचा आकडा अचूक येत नाही, कारण तो घरातल्या विजेच्या संथ लहरींसाठी बनवलेला असतो. पण एकाच मीटरने बूस्टरजवळ (रुळांना वीज पुरवणाऱ्या पेटीजवळ) आणि लेआउटच्या दूरच्या टोकाला, गाडी चालू असताना मोजलं तर फरक नक्की कळतो. आमचं बरंचसं काम या फरकावर चालतं.

त्याहून साधं साधन म्हणजे नाणं. लेआउटवर हातभर अंतराने दोन्ही रुळांवर नाणं आडवं ठेवायचं. बूस्टर क्षणात ट्रिप झाला पाहिजे, म्हणजे त्याने वीज तोडली पाहिजे. झाला नाही तर तिथे धोका आहे. एका ग्राहकाच्या लेआउटवर मुख्य मार्गाच्या शेवटच्या वळणावर नाणं ठेवलं आणि काहीच झालं नाही. बूस्टर ५ अँपिअरचा. हिशेब सोपा आहे: १५ व्होल्टला वाटेत ३ ओहम अडथळा असला तर शॉर्ट होऊनही ५ अँपिअरच वाहतात. अडथळा जरा जास्त असेल तर बूस्टरला वाटतं, बऱ्याच गाड्या चालू आहेत. ट्रिपच होत नाही. आणि ते जवळजवळ ७५ वॉट जातात कुठे? रुळांत, जॉइनरमध्ये आणि रुळावरून घसरून आडव्या पडलेल्या बोगीत. त्या बोगीचा प्लॅस्टिकचा भाग वितळलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, आणि वीज वाहून नेण्यात तांब्याच्या खूप मागे. त्या लेआउटला संपूर्ण लांबीत वीज देणाऱ्या जोड्या फक्त दोन होत्या. आम्ही खालून जाड तांब्याची बस वायर फिरवली आणि प्रत्येक दोन मीटरला बारीक फीडर वायरी वर आणून रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर केल्या. मग पुन्हा नाणं घेऊन सगळा लेआउट चाललो. प्रत्येक ठिकाणी टक्.

सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र दुपारच्या लेआउटने. आम्ही त्याला हेच नाव दिलं आहे. माडीवरच्या खोलीतला मोठा लेआउट. एका टोकाला रिव्हर्स लूप, म्हणजे गाडी गोल फिरून त्याच मार्गाने परत येते असं वळण. अशा वळणात डावा रूळ फिरून उजव्याला येऊन भिडतो, म्हणून दोन्ही तोंडांना दोन्ही रुळांत फट पाडावी लागते आणि मधल्या भागाला ऑटो रिव्हर्सर वीज देतो. गाडी बाहेर पडताना तो क्षणात ध्रुव पालटतो. तक्रार अशी, की सकाळी सगळं सुरळीत. दुपारी गाडी वळणात नीट शिरते, पण बाहेर पडताना रिव्हर्सर टकटक टकटक करतो आणि बूस्टर पडतो. गाडी उचलली की पुन्हा सगळं ठीक. लेआउटच्या मालकांचे दोन रिव्हर्सर बदलून झाले होते.

आम्ही सकाळी दहाला पोचलो. दोष नाही. चाकांचं अंतर, फ्रॉग (सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात ती जागा), फीडर सगळं तपासलं. दोष नाही. बहीण म्हणाली, "दादा, आपण दुपारपर्यंत इथेच बसू या." बसलो. दोनच्या सुमारास टकटक सुरू झाली. मग वळणाच्या फीडर वायरी सोडल्या, सगळी इंजिनं उचलली आणि फटीच्या अलीकडे-पलीकडे मल्टिमीटर धरला. आत शिरण्याच्या तोंडाशी डाव्या रुळावर बीप आला. सकाळी तिथेच मोजलं होतं, तेव्हा बीप नव्हता. भिंग लावून पाहिलं तर फट मिटलेली. कागदाचा तुकडासुद्धा जाईना.

बांधताना त्यांनी मजबुतीसाठी सगळे जॉइनर सोल्डर केले होते. सलग ३ मीटर रूळ १० अंशांनी तापला तर साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो, आणि कटिंग डिस्कने पाडलेली फट तेवढीच असते. सगळी वाढ एकाच जागी येऊन मिळत होती. आता वळणाचा एक ध्रुव मुख्य मार्गाला बांधला गेला. गाडी त्या तोंडाने आत यायची तेव्हा ध्रुव जुळलेलेच असायचे, म्हणून काही बिघडायचं नाही. दुसऱ्या तोंडाने बाहेर पडताना रिव्हर्सर पालटायचा आणि मिटलेल्या फटीत शॉर्ट व्हायचा. परत पालटला की इकडे शॉर्ट. म्हणून टकटक. आम्ही फट पुन्हा पाडली, तिच्यात प्लॅस्टिकची पातळ पट्टी चिकटवून रुळाच्या आकारात घासली, आणि काही जॉइनरचं सोल्डर काढून त्यांना सरकायला मोकळं केलं. मोकळ्या केलेल्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र फीडर दिला. तेव्हापासून तो लेआउट दुपारीही चालतो.

सेटिंगचे दोषही येतातच. वेग वाढवताना दिवा दर पायरीला लागतो-विझतो, ही तक्रार ऐकली की आम्ही फोनवरच सीव्ही २९ (वेगाच्या पायऱ्यांसारख्या मूळ सेटिंगचा कप्पा) विचारतो. कंट्रोलर २८ पायऱ्यांचा हुकूम देत असतो आणि डीकोडर १४ पायऱ्यांवर अडकलेला असतो. एक इंजिन शॉर्टनंतर वीज परत येताच आपोआप सुसाट सुटायचं आणि एकदा टेबलावरून खाली पडलं. त्याला जुन्या डीसी पद्धतीवरही चालण्याची मुभा होती, आणि विजेच्या गडबडीत त्याला वाटायचं आपण डीसीवरच आहोत. सीव्ही २९ मधला ६ चा आकडा २ केला, म्हणजे ती मुभा काढून घेतली, आणि पळणं थांबलं. लांब पत्ता असेल तर ३८ चे ३४ करायचे.

आज आम्ही तिघं आहोत. सांध्यांच्या मोटरी आणि सर्व्हो बघायला एक तरुण सहकारी आला आहे. डीकोडर अजूनही बसवतो, पण बदलायचा असेल तर वहीत मोजमापाचे आकडे लिहिल्याशिवाय बदलत नाही. दोष सापडला नाही तर पैसे घेत नाही. नवा डीकोडर बसवला की इंजिन आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर जातं, तिथे वीज मर्यादित असते, म्हणून वायर चुकली असली तरी तो बहुधा वाचतो. सीव्ही वाचायला सांगितलं की डीकोडर मोटरला जरासा झटका देऊन उत्तर देतो, ६ मिलिसेकंद, किमान ६० मिलिअँपिअर. इंजिन जागच्या जागी थरथरतं. ती थरथर दिसली की निम्मी काळजी मिटते.

त्या गृहस्थांचा डीकोडर अजून आमच्याकडे आहे. त्याला सॉकेट लावून तो चाचणीसाठी ठेवला आहे. इंजिनातला डीकोडर संशयित वाटला की आधी हा जोडून बघतो. आज सकाळीही एका इंजिनाला जोडला. याच्यावरही इंजिन हललं नाही, म्हणजे इंजिनातला डीकोडर ठीक होता. इंजिनाच्या मागच्या चाकांकडची, रुळावरून वीज घेणारी पत्ती वाकून चाकापासून सुटली होती. बहिणीने चिमट्याने ती सरळ केली आणि इंजिन आता टेबलावरच्या वर्तुळात फिरतं आहे.