चोराच्या मनात खरंच चांदणं असतं का?

मी फॉरेन्सिक मानसशास्त्र शिकवते हे कळलं की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला हा प्रश्न येतोच: "समलिंगी माणसांना मारहाण करणारे आतून स्वतःच तसले असतात, हो ना?" विचारणारे बहुतेक भल्या मनाचे असतात. 'तसले' म्हणताना थोडे अडखळतातही. आणि त्यांना माझ्याकडून 'हो' ऐकायचं असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. असा एखादा असतोही. पण हिंसेचं नेहमीचं कारण ते नव्हे.

ही समजूत अगदीच हवेतली नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात हेन्री ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ पुरुषांवर एक प्रयोग केला. सगळे स्वतःला भिन्नलिंगी म्हणवणारे. त्यांच्यापैकी ज्यांना समलिंगी लोकांचा तिटकारा होता, त्या गटाची शारीरिक उत्तेजना पुरुषांमधल्या संबंधांची चित्रफीत बघताना वाढली; दुसऱ्या गटाची वाढली नाही. चोराच्या मनात चांदणं! लोकांना एवढं पुरलं. पण त्या प्रयोगात कुणी कुणावर हात उगारला नव्हता. मोजला होता तो प्रश्नावलीतला तिटकारा. शिवाय ती उत्तेजना अस्वस्थतेतूनही येऊ शकते, ही शक्यता संशोधकांनी स्वतःच मांडली होती. निबंधाचा तेवढा भाग कुणी वाचत नाही.

खऱ्या हल्लेखोरांकडे पाहायचं तर मी मानसशास्त्रज्ञ कॅरन फ्रँकलिन यांच्या कामाकडे जाते. नव्वदच्या दशकात त्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या कॉलेजांमधल्या ४८४ तरुण-तरुणींना निनावी प्रश्नावली दिली. समलिंगी समजून कुणाला तरी मारल्याचं किंवा धमकावल्याचं साधारण दहातल्या एकानं कबूल केलं. ही तुरुंगातली मंडळी नव्हती, वर्गात शेजारच्या बाकावर बसणारी होती. उदारमतवादी म्हणून नावाजलेल्या परिसरातली.

कारणं? काहींना सगळं नीतिनियमांचं रक्षण वाटत होतं. काही म्हणत, "त्यानंच माझ्याकडे तसं पाहिलं." हे निव्वळ खोटं असतं असंही नाही, समोरच्याचं साधं पाहणंही त्यांना आक्रमण वाटतं. काहींना कंटाळा घालवायचा होता. आणि काहींना मित्रांमध्ये आपण कच्चे नाही हे दाखवायचं होतं. यातल्या अनेकांच्या मनात फार मोठा द्वेषही नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच.

पुढे २००४ मध्ये फ्रँकलिन यांनी अशा हिंसेला नाटकाची उपमा दिली. पुरुषपण सिद्ध करण्याचा प्रयोग, आणि प्रेक्षक म्हणजे सोबतचे मित्र. ज्याला मार पडतो तो या नाटकात पात्रसुद्धा नसतो, असते ती रंगमंचावरची प्रॉपर्टी, टेबल-खुर्चीसारखी. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी खेळ तोच. बॉस्टन पोलिसांकडच्या १६९ द्वेषगुन्ह्यांचा (फक्त समलिंगींवरच्या नव्हे, सगळ्या प्रकारच्या) अभ्यास जॅक लेव्हिन आणि जॅक मॅकडेव्हिट या गुन्हेशास्त्रज्ञांनी केला, तेव्हाही जवळपास दोन तृतीयांश गुन्हे थरारासाठी केलेले निघाले. आयुष्याचं ध्येय मानून हिंसा करणारा त्यात जेमतेम एक.

मग 'आतून तसलाच' हे उत्तर इतकं गोड का लागतं? कारण मारणारा आणि मार खाणारा दोघेही 'त्यांच्यातलेच' ठरतात आणि आपण सुटतो. 

कोर्टात तर या तर्काचं हत्यारच झालं. १९२० साली एडवर्ड केम्फ या मनोविकारतज्ज्ञानं 'होमोसेक्शुअल पॅनिक' (समलिंगी ओढीनं उडालेली घबराट) हा शब्दप्रयोग केला. त्याचे रुग्ण स्वतःच्याच इच्छेनं भेदरलेले होते, आणि ते दुसऱ्यांवर तुटून पडण्यापेक्षा स्वतःलाच शिक्षा करत. वकिलांनी पुढे ते उलटं फिरवलं: समोरच्यानं लगट केली, माझ्या अशिलाचा तोल गेला. मॅथ्यू शेपर्ड हा २१ वर्षांचा समलिंगी विद्यार्थी ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात लॅरामी इथं झालेल्या हल्ल्यात जीवाला मुकला. दोघांनी त्याला लुटलं, मारलं, कुंपणाला बांधून टाकून दिलं. हेतू असे सरमिसळही असतात. त्यातल्या एकाच्या खटल्यात बचाव पक्षानं याच वळणाचा युक्तिवाद करून पाहिला. न्यायाधीशांनी तो चालू दिला नाही. असा बचाव कायद्यानं बंद करणारं पहिलं अमेरिकन राज्य कॅलिफोर्निया, तेही २०१४ मध्ये.

वर्गात एखादं प्रकरण घेतलं की विद्यार्थी आधी आरोपीचं बालपण उघडतात, मग त्याची लैंगिकता. मी त्यांना ते बाजूला ठेवून वेगळी यादी करायला लावते: त्या रात्री बरोबर कोण होतं, गाडी कोण चालवत होतं, पहिल्यांदा कोण हसलं, आणि नंतर ही हकिकत कुणाकुणाला रंगवून सांगितली गेली.