शामोनीला पळायला गेलो आणि निम्मं अंतर चाललो

दिवाळीला घरी आलोय, अमळनेरला. काल पहाटे साडेपाचला बूट चढवून निघालो तर ओट्यावर आजी बसलेली, ती दरवर्षी विचारते तेच तिनी विचारलं, "तुन्हा मांगे कुत्रं लागनं का रे भाऊ?" मी हसलो आणि बोरीच्या पुलाकडे पळत सुटलो, आणि खरंच दोन कुत्री मागे लागली. असो.

जळगावचे काही मित्र रोज सकाळी मेहरूण तलावाला पळतात, त्यांच्या ग्रुपवर मी ऑगस्टमध्ये चार फोटो टाकले होते, मागे बर्फाचा डोंगर, पुढे हिरवं कुरण, मधून एक बारीक पायवाट आणि त्यावर मी. तेव्हापासून सगळ्यांचं एकच, भो कुठलंय हे, किती पळतो, आम्ही आलो तर जमेल का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो. आणि आधीच कबूल करतो, त्या फोटोसाठी मी पळालो तेवढा पन्नास मीटरचा तुकडा, त्याच्या आधी चाळीस मिनिटं गुडघ्यावर हात टेकवत चालत होतो.

तर मी राहतो जिनिव्हाला, नोकरीसाठी, आता सहा वर्षं होतील. तिथून बसनी दीडेक तासात शामोनी येतं, म्हणजे बॉर्डर ओलांडून फ्रान्समध्ये. गाव एका अरुंद दरीत आहे, १,०३५ मीटरवर, आणि त्याच्या डोक्यावर माँ ब्लाँ, ४,८०० मीटरच्याही वर. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे बसमधून उतरून चहा पिता पिता मान वर केली की सव्वादोन कळसूबाई एकावर एक रचल्यासारखं काहीतरी समोर दिसतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नुसता बघत बसलो, बस ड्रायव्हरनी बॅग काढून ठेवलेली पण कळलं नाही.

पहिल्या वेळी माज होता मला. अमळनेर ते मंगळग्रह मंदिर, मेहरूणचे राऊंड, नंतर जिनिव्हात तळ्याकाठची सपाट फरसबंदी, दहा किलोमीटर पंचावन्न मिनिटांत होत होते. तिथे गावातून वर प्लांप्राला, म्हणजे रोपवेच्या वरच्या स्टेशनला, जाणारी एक वाट आहे, नागमोडी, रोपवेच्या खालून जाते. जूनमध्ये तिच्यावर शर्यत होते, ३.८ किलोमीटरमध्ये १,००० मीटर चढ. मी म्हटलं पावणेचार किलोमीटर तर आहे, पंचवीस मिनिटं धरू. सातव्या मिनिटाला थांबलो. बाजूनी एक पांढऱ्या केसांच्या बाई दोन काठ्या टेकत, न पळता, शांतपणे माझ्या पुढे निघून गेल्या, वर जाता जाता "बोंजूर" पण म्हणाल्या, आणि मला उत्तर द्यायला श्वास नव्हता. मला वर पोचायला पावणेदोन तास लागले.

त्या दिवशी कळलं की ट्रेल रनिंगमध्ये, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवर पळण्यात, रनिंग फार कमी असतं. चढ आला की सगळे चालतात, मोठमोठे रनर पण, मांडीवर हात दाबून वाकून भराभर चालतात. पळायचं ते सपाटीला आणि उताराला. तिथल्या पाट्यांवर पण बरेचदा किलोमीटर नाही तर वेळ लिहिलेली असते, अमुक ठिकाण एक तास चाळीस मिनिटं, कारण डोंगरात किलोमीटर विचारून काही कळतच नाही. हे मी आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, "मंग चालाले येवढं दूर कसाले गया?" आता तिला काय सांगणार. ती स्वतः तरुणपणी चैत्रात पायी वणीच्या गडाला जायची, धुळं-मालेगाव करत, उन्हात, पायात साधी चप्पल.

बरं, वाटा. दरीच्या दोन बाजू आहेत आणि दोन्ही बाजूंनी डोंगराच्या कडेला गॅलरीसारख्या आडव्या वाटा काढल्यात, त्यांना ते बाल्कनीच म्हणतात. नवीन माणसानी पहिल्या दिवशी पती बाल्कों सुद करावी, म्हणजे धाकटी दक्षिण बाल्कनी, गावाच्या थोडीच वर, झाडीतून जाते, सावली असते, चढउतार सौम्य, आणि थकलो तर कुठूनही खाली गावात उतरता येतं. फोटोला फार काही नाही, पण पायाला कळतं की मुळं आणि दगड बघत कसं पळायचं. पहिल्या अर्ध्या तासात मी दोनदा ठेचकाळलो, कारण डांबरी रस्त्याची सवय, पाय उचलतच नाही आपण.

मोठी दक्षिण बाल्कनी म्हणजे ग्रां बाल्कों सुद, ही माझी लाडकी. रोपवेनी प्लांप्राला जायचं, साधारण २,००० मीटर, आणि तिथून फ्लेजेरपर्यंत, म्हणजे पुढच्या रोपवेच्या स्टेशनपर्यंत, आडवं पळत जायचं, पाच-सहा किलोमीटर. झाडं संपलेली असतात, डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला खाली दरी आणि दरीपलीकडे माँ ब्लाँ पूर्ण उघडा, सोबत चालल्यासारखा. फोटो तिथलाच. जुलै-ऑगस्टमध्ये वाटेच्या कडेला ब्लूबेरीची बुटकी झुडपं असतात, थांबून खायची, बोटं जांभळी होतात, आपल्याकडे जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी. दगडावर मार्मोट बसलेले असतात, मुंगुसाला बारा महिने तूप-पोळी खाऊ घातली तर जसं दिसेल तसं, आणि धोका वाटला की शिट्टी मारतात.

फ्लेजेरहून आणखी दम असेल तर लाक ब्लाँ, पांढरं तळं, २,३५२ मीटरवर. पावणेपाचशे मीटर चढ आहे, पळायचं नावच काढू नका. वर पोचल्यावर तळ्यात समोरची सगळी बर्फाची रांग उलटी दिसते. मी तिथे बसून डबा उघडला, बायकोनी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिलेला, शेजारच्या जर्मन पोरांनी वास घेऊन विचारलं हे काय, मी तुकडा दिला, एकानी ठेचा चमच्यानी जाममध्ये बुडवावा तसा घेतला आणि पुढचं मी सांगत नाही.

या नादातच घोळ झाला. तळ्यावर जास्त रेंगाळलो आणि फ्लेजेरला खाली आलो तर शेवटची ट्रॉली गेलेली. चूक माझीच, वेळ बोर्डावर लिहिलेली होती. मग तिथून खाली ले प्रा गावापर्यंत ८०० मीटर उतार, जंगलातून, वळणावर वळणं. मित्रांनो, चढानी छाती जाते पण उतारानी मांड्या जातात. प्रत्येक पावलाला शरीराचं वजन मांडीचा स्नायू ताणता ताणता पेलत असतो, ब्रेक दाबून गाडी उतरवल्यासारखं, आणि सपाट खान्देशात आपल्या मांड्यांना हा ब्रेक कधी लावावाच लागत नाही. पुढचे तीन दिवस मी ऑफिसच्या जिन्यावरून उलटा उतरत होतो, कठड्याला धरून. म्हणून सांगतो, येण्याआधी सराव करायचा असेल तर चढाचा करू नका, उताराचा करा, पाटणादेवीच्या जंगलात जा किंवा तोरणमाळला, आणि फक्त खाली पळा.

समोरच्या अंगाला उत्तर बाल्कनी. एग्वी दु मिदी या शिखरावर जाणाऱ्या रोपवेच्या मधल्या स्टेशनला, २,३०० मीटरच्या आसपास उतरायचं आणि माँतांवेरच्या रेल्वे स्टेशनकडे पळायचं, एकूण उतारच जास्त. तिकडे ऊन कमी येतं म्हणून जूनमध्ये पण बर्फाचे पट्टे राहतात, मी एकदा घाईत गेलो आणि चाळीस पावलं बसून घसरत पार केली. शेवटी मेर द ग्लास, बर्फाची नदी, आणि १९०९ पासून चालणारी छोटी लाल रेल्वे खाली गावात आणते. तिथे एक गोष्ट मात्र मनाला लागली. मी गेलो तेव्हा हिमनदीकडे उतरताना खडकावर पाट्या लावलेल्या होत्या, अमुक साली बर्फ इथपर्यंत होता, आणि १९९० ची पाटी गेल्यावरही मी उतरतच राहिलो, पायऱ्यांवर पायऱ्या. माझा जन्म १९९० चा. तापीचं पात्र उन्हाळ्यात आटलेलं लहानपणापासून बघितलंय, पण ते पावसाळ्यात परत भरतं.

ऑगस्टच्या शेवटी तिथे यूटीएमबी नावाची शर्यत होते, या खेळाची पंढरीच. माँ ब्लाँला पूर्ण प्रदक्षिणा, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, सुमारे १७० किलोमीटर आणि १०,००० मीटर चढ, वेळ साडेशेहेचाळीस तास. २००३ ला सुरू झाली आणि पहिल्या वर्षी जिंकला नेपाळचा दावा दाचिरी शेर्पा. मी पळालो नाही, तेवढी लायकी नाही, फक्त बघायला गेलो. शुक्रवारी संध्याकाळी सुटतात आणि रविवारी दुपारपर्यंत येत राहतात, आणि खरी गर्दी शेवटच्यांसाठी असते. लोक गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात, नंबरावरचं नाव वाचून ओरडतात, अले अले, म्हणजे चल चल. वाटेत ठिकठिकाणी टेबलं लावलेली, सूप, चीज, केळी. केळी बघून मी जरा नाक मुरडलं, रावेर-यावलच्या मातीतल्या माणसाचा तो हक्कच आहे. पण ती टेबलं बघून मला चैत्रातला धुळ्याचा हायवेच आठवला, मांडव टाकून टरबूज, ताक, चहा वाटणारी माणसं, "घ्या माऊली घ्या" म्हणून हात धरून बसवणारी. फरक एवढाच की तिकडे शामोनीत प्रत्येकाला स्वतःचा कप आणावा लागतो, प्लास्टिकचे देत नाहीत. हे मात्र आपण उचलायला हरकत नाही.

सामानाचं थोडक्यात. पावसाचं जाकीट न्याच, सकाळी कितीही ऊन असलं तरी, दुपारनंतर ढग भरून विजा सुरू होतात आणि वर आडोसा नसतो. शिट्टी, बॅटरी, फोन, आणि ती चकचकीत चंदेरी पन्नी, थंडीत अंगाला गुंडाळायची. अडचण आली तर ११२. बूट ग्रिपवाले. बाकी घड्याळं-बिड्याळं हौस असेल तर.

हे सगळं ग्रुपवर बोलणं चालू होतं तर तळोद्याचा एक मित्र मध्येच म्हणे, एवढं कशाला, धनतेरसला अस्तंब्याला चल. सातपुड्यातलं शिखर, १,३०० मीटरच्या वर, अश्वत्थाम्याचं ठाणं, दर दिवाळीला पावरा-भिल्ल पोरं जथ्यानी चढतात, रात्रभर चालतात, बरीचशी अनवाणी. मी नंदुरबारपासून एवढ्या जवळ वाढलो आणि एकदाही गेलो नाही, शामोनीला मात्र पाच वेळा. मी विचारलं, पाट्या आहेत का वाटेवर? तो म्हणे, पाट्या कसाले, पुढच्याच्या मागे चालायचं.

तर उद्या निघतोय. आत्ता अंगणात रनिंगची बॅग भरत बसलो होतो, आजी आली, छातीवरच्या ज्या बारक्या खिशात मी शिट्टी ठेवतो त्यात तिनी खोबरेल तेलाची छोटी बाटली सरकवली. अश्वत्थाम्याच्या डोक्यावरची जखम अजून भरली नाही, तो त्या डोंगरात तेल मागत फिरतो असं म्हणतात ना. "भेटना तर दी दे," म्हणे.

शिट्टी आता मागच्या खिशात टाकलीय.