वणी, नांदूर मध्यमेश्वर, येवला: आत्या, मामा, भाचा आणि एक गाडी

नाशिकला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना फिरवायचं काम माझं. घरात गाडी चालवायची खरी हौस मलाच आहे. या जानेवारीत मात्र तीन पाहुणे एकदमच आले. माझी आत्या मिरजेची, वय ७१, वर्षानुवर्षं आषाढीची वारी करणारी, आवाज खणखणीत. माझे मामेसासरे ७४ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पक्षी बघण्याचं वेड असलेले आणि त्यामुळे घरातसुद्धा कुजबुजत बोलणारे. तिसरा नणंदेचा मुलगा, वय २०, त्याला सदैव भूक लागलेली.

अशी माणसं घेऊन निघणार असाल तर सगळ्यांना सगळं आवडेल असा बेत शोधत बसू नका. प्रत्येकाला एक ठिकाण हक्काचं द्या, आणि एका दिवशी एकच दिशा धरा. वणी उत्तरेला, त्र्यंबक पश्चिमेला, येवला पूर्वेला. सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे असं केलंत तर मधला वेळ द्वारका चौकातल्या कोंडीत जातो.

पहिला दिवस आत्याचा आणि भाच्याचा. दिंडोरी रोडला मिसळ खाल्ली (काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही; भाच्याने पाव किती घेतले ते मी मोजले नाहीत) आणि वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला गेलो. नाशिकहून गड साधारण ६०-६५ किलोमीटर. पायथ्याच्या नांदुरीपासून घाट सुरू होतो. गाडी लागणाऱ्या माणसाला त्याआधीच पुढच्या सीटवर घ्या. वर सुमारे पाचशे पायऱ्या आहेत, पण आता ट्रॉलीही आहे. गुडघे दुखत असतील तर संकोच न करता ट्रॉलीने जा. आत्या हट्टाने पायऱ्या चढून गेली, मामा ट्रॉलीने गेले, आणि अठरा भुजांच्या देवीसमोर दोघं एकाच वेळी पोचले. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, तिथून एसटीने वर जावं लागतं. गडावर माकडांपासून पिशव्या सांभाळा. भाच्याचे वेफर्स गेले.

खरी मजा दुसऱ्या दिवशी आली. तो दिवस मामांचा होता, आणि नेमकी एकादशी.

पहाटे साडेपाचला निघालो. निघण्याआधी पुढच्या सीटवरून वाद झाला. आत्याला मागे बसलं की मळमळतं, मामांना मागून तारेवरचे पक्षी दिसत नाहीत. शेवटी भाच्याने तोडगा काढला: तालुका बदलला की जागा बदलायची. नाशिक तालुका आत्याकडे गेला आणि चांदोरीच्या अलीकडे ती मागे गेली. मग तिच्या लक्षात आलं की निफाड तालुका संपता संपत नाही. "व्याही, तुम्ही खात्यात होतात, तुम्हाला हद्दी पाठ. मला फसवलंत," असं ती विंचूरपर्यंत म्हणत होती. मामांनी मागच्या सीटवर हळूच एक राजगिऱ्याचा लाडू सरकवला. गाडी चालवणाऱ्यासाठी एकच सांगते: हायवेवर कोणीही "थांब, थांब, वेडा राघू!" म्हणालं तरी थांबू नका. हे आधीच ठरवून घ्या.

निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका. महाराष्ट्रातला नीचांक पुष्कळदा इथलाच असतो. द्राक्षबागांत शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात, कारण थंडीने मणी तडकतात. उजाडता उजाडता बागांवर धूर तरंगत होता. मला तो रस्ता फार आवडतो.

नांदूर मध्यमेश्वर निफाडपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली आणि पक्षी येऊ लागले. २०२० साली तिला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, महाराष्ट्रात पहिल्यांदा. सात ते नऊ ही वेळ सर्वांत चांगली. गावातलीच मुलं दुर्बिणी घेऊन वाटाड्याचं काम करतात. त्यांना अवश्य सोबत घ्या, कोणता पक्षी कुठे बसतो ते त्यांना पाठ असतं. खाण्याचं मात्र सोबत ठेवा.

कपडे मळकट रंगाचे हवेत. आत्याने कुंकवाच्या रंगाची शाल पांघरली होती. मामांनी काही न बोलता आपलं शेवाळी जाकीट काढून तिला दिलं, आणि पाच मिनिटांत ते स्वतः कुडकुडायला लागले. शेवटी पक्षी बघायच्या मनोऱ्याच्या भिंतीआड खाली बसून त्यांनी तीच शाल गुंडाळून घेतली आणि तिथून बोटांनी खुणा करत राहिले. चित्रबलाक दिसले, चमचे दिसले, थापट्या आणि तलवार बदकं दिसली. आत्या हे सगळं "हं, हं" करत ऐकत होती. मग मामा कुजबुजले, "विहीणबाई, ते काळे, पाण्यावर ओळीने चाललेत ना? ते वारकरी."

"काय म्हणालात?"

"वारकरी. नावच आहे ते. कपाळावरचा पांढरा टिळा बघा."

आत्याने दुर्बीण लावली. काळं अंग, कपाळावर गोपीचंदनासारखा पट्टा, आणि एकामागून एक अशी त्यांची दिंडी. तिने दुर्बीण खाली घेतली, दोन्ही हात जोडले आणि पंढरपूरच्या वाळवंटात म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "माऊली! एकादशीला भेटलात!"

पाण्यावरचं सगळंच्या सगळं उडालं. आकाश अक्षरशः भरून गेलं. मामांनी डोळे मिटून घेतले, वाटाड्या मुलगा पोट धरून हसायला लागला. पण दहा-पंधरा मिनिटं शांत बसल्यावर बरेचसे परत उतरले. तेव्हा तुमच्या सोबत कोणी मोठ्याने बोललं तर रागावून निघून जाऊ नका, बसून राहा.

लासलगावचा कांद्याचा लिलाव भाच्याला बघायचा होता. लाल कांद्याचे दिवस असल्याने ट्रॅक्टरच्या रांगेत अर्धा तास गेला. घाई असेल तर विंचूरहून सरळ येवल्याला जा.

येवला, दुपारी. मामा पैठणीच्या दुकानाबाहेरच थांबणार होते, पण विणकर घरातला माग दाखवायला घेऊन गेले आणि आम्ही सगळेच आत शिरलो. खरेदी करायची असेल तर हे करा: आधी मागावर विणताना बघा, मग साडी उलटी करून बघा. हातमागाची पैठणी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत असतील तर ती सेमी, म्हणजे यंत्रमागाची. किंमत विचारण्याआधी पदराला किती दिवस लागले ते विचारा, म्हणजे घासाघीस करताना हात आपोआप आवरतो.

काठावर हिरव्या पोपटांची रांग होती. विणकर म्हणाले, "ही मुनिया."

मामा पुढे सरसावले. "नाही हो, हा पोपट. मुनिया चिमणीएवढी असते, चोच अशी बाकदार नसते."

"आमच्याकडे मुनियाच म्हणतात, काका."

"व्याही, विणणाऱ्याला विचारायचं की बघणाऱ्याला?" आत्याने विणकरांची बाजू घेतली. वीस मिनिटं हा वाद चालला. मामा कधी नव्हे ते मोठ्याने बोलत होते आणि आत्या, काठ हातात धरून, अगदी हळू. मग तिने तीच साडी घेतली.

परतताना निफाड तालुका सुरू झाला आणि आत्या न सांगता मागे जाऊन बसली, मामांची पक्ष्यांच्या नोंदींची वही बघायला मिळावी म्हणून. मामाही मागेच आले. भाचा पुढे बसून झोपला. मामा दिव्याखाली दिवसाची यादी पूर्ण करत होते. शेवटची ओळ त्यांनी लिहिली: मुनिया, १४, येवला.

"आणि वारकरी?" आत्याने विचारलं.

"तीनशेच्या वर."

"मी उडवले ते धरून?"

"धरून."

तिने वहीला हात लावून नमस्कार केला.